हिवतापाचा हिशेब मांडणारे डॉ. रोनाल्ड रॉस

1907 सालच्या नोव्हेंबर महिन्यात पन्नाशीचे एक इंग्रज डॉक्टर पोर्ट लुई येथे बोटीतून उतरले. पाच वर्षांपूर्वीच त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांचे नाव तोवर जगभर झाले होते, पण आपल्या बेटावर ते सत्कार घ्यायला आले नव्हते. या बेटावरचा हिवताप कसा आटोक्यात आणावा, एवढेच सांगायला ब्रिटिश सरकारने त्यांना पाठवले होते. डॉ. रोनाल्ड रॉस येथे सुमारे तीन महिने राहिले आणि 1908 च्या फेब्रुवारीत परत गेले. आम्ही शाळेत मुलांना डोडो पक्ष्याची गोष्ट सांगतो, लाबुर्दोने यांची सांगतो. या तीन महिन्यांची गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. खरे तर साथीचे रोग का पसरतात आणि का ओसरतात, याचा गणिती हिशेब या गृहस्थांनी पहिल्यांदा मांडला तो आपल्याच बेटाच्या निमित्ताने.

ते येण्यापूर्वी चाळीस वर्षे येथे काय घडले होते, ते आधी सांगितले पाहिजे. 1866 च्या आधी मॉरिशसमध्ये हिवतापाची साथ अशी नव्हतीच. उलट हवा चांगली म्हणून बेटाचा लौकिक होता. 1866 मध्ये किनाऱ्याकडच्या भागात ताप सुरू झाला आणि 1867 मध्ये तो वणव्यासारखा पेटला. बेटाची वस्ती तेव्हा साडेतीन लाखांच्या आत होती. त्यांपैकी तीस हजारांहून अधिक माणसे त्या एका वर्षात तापाने गेली. पुरायला जागा अपुरी पडू लागली, म्हणून ब्वा मार्शांचे मोठे कबरस्तान त्याच वर्षी उघडावे लागले. आजही त्या बाजूने जाताना पसरलेल्या कबरी दिसतात, तेव्हा त्या वर्षाची कल्पना येते. ज्यांना परवडत होते ते पोर्ट लुई सोडून नव्या आगगाडीने क्युरपीपच्या थंड पठारावर राहायला गेले. इस्टेटीच्या कँपात राहणारा मजूर कोठे जाणार?

आपले पूर्वज 1834 नंतर मुंबई बंदरातून येथे आले. रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातले ते लोक. हिव भरणे, पांथरी वाढणे हे त्यांना गावाकडे ठाऊक होते. त्यामुळे 1867 मध्ये पुष्कळांनी बोट दाखवले ते भारतातून आलेल्या मजुरांकडे. रोग यांनीच आणला, असे म्हटले गेले. या आरोपाचे उत्तर पुढे कसे मिळाले, ते आपण पाहू. ज्यांच्या खोजामुळे ते मिळाले, त्यांचा जन्मही भारतातच झाला होता.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म 13 मे 1857 रोजी हिमालयाच्या कुशीतल्या अल्मोडा येथे झाला. मीरतला शिपायांचा उठाव होऊन तीनच दिवस झाले होते. वडील इंग्रजी फौजेत अधिकारी, पुढे जनरल झाले. दहा भावंडांत रोनाल्ड सर्वांत थोरले. आठ वर्षांचे असताना त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले. मुलाला चित्रे काढायची होती, कविता करायच्या होत्या, संगीत रचायचे होते. वडिलांच्या मनात मात्र त्याने डॉक्टर व्हावे आणि भारतातल्या इंग्रजी वैद्यकीय सेवेत जावे, असे होते. वडिलांचेच चालले. 1875 मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात नाव घातले गेले, पण अभ्यासात मन रमेना. एका परीक्षेत नापासही झाले. मग काही काळ बोटीवर डॉक्टर म्हणून नोकरी केली, पुन्हा परीक्षा दिली आणि 1881 मध्ये भारतात नोकरीला लागले. मनाविरुद्ध धंद्यात पडलेल्या मुलाचे काही चांगले होत नाही, असे आपल्यातही पुष्कळ पालक मानतात. येथे तसे झाले नाही. पण लगेच चांगलेही झाले नाही. पहिली दहा-बारा वर्षे रॉस यांनी दवाखान्याचे काम करून उरलेला वेळ कादंबऱ्या, कविता आणि गणित यांत घालवला. गणिताची पुस्तके ते स्वतः विकत घेऊन, कोणी न शिकवता वाचत. हे गणित पुढे कामी येणार होते.

1883 मध्ये ते बंगळूरला होते. राहायला बंगला चांगला होता, पण डास फार. शोधता शोधता त्यांना दिसले की खिडकीजवळ ठेवलेल्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळत आहेत. त्यांनी पिंप उपडे केले आणि डास पुष्कळ कमी झाले. फौजेतल्या लोकांच्या जेवणघरातही असेच करावे, अशी सूचना त्यांनी केली. तेथल्या अधिकाऱ्याला ती पटली नाही. डास कोठून येतो आणि काय केल्याने कमी होतो, ही साधी गोष्ट त्यांना तेव्हाच कळली होती. डास आणि हिवताप यांचा काही संबंध असेल, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हते.

त्या काळी हिवताप दलदलीतून निघणाऱ्या दूषित हवेने होतो, असे समजत. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. 1880 मध्ये अल्जीरियात लाव्हराँ नावाच्या फ्रेंच फौजी डॉक्टराने रोग्याच्या रक्तात एक सूक्ष्म जीव पाहिला आणि तोच रोगाचे मूळ, असे सांगितले. रॉस यांनी भारतात रक्त तपासून पाहिले, त्यांना तो जीव दिसला नाही, म्हणून त्यांनी लाव्हराँच्या म्हणण्याविरुद्ध लेखही लिहिले. 1894 मध्ये रजेवर लंडनला गेले असताना त्यांची गाठ डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी पडली. मॅन्सन यांनी पूर्वी चीनमध्ये हत्तीरोगाचे बारीक जंतू डासाच्या अंगात वाढतात, हे दाखवले होते. त्यांनी रॉस यांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवून हिवतापाचा जीव प्रत्यक्ष दाखवला, आणि हाही डासाच्याच मार्गाने हिंडत असावा, असा आपला तर्क सांगितला. रॉस यांनी आपली चूक मान्य केली. तर्काचा पुढचा भाग मात्र चुकीचा होता. डास पाण्यात मरतो, ते पाणी माणूस पितो आणि त्यातून ताप येतो, अशी मॅन्सन यांची समजूत होती. रॉस यांनी भारतात परतल्यावर असे पाणी माणसांना पाजूनही पाहिले. आज कोणी असे केले तर त्याला तुरुंगात घालतील.

1895 च्या एप्रिलपासून सिकंदराबादला काम सुरू झाले. रोग्याला मच्छरदाणीत झोपवायचे, आत डास सोडायचे, चावून झाल्यावर ते पकडायचे आणि सुईच्या टोकाने फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. मध्येच सरकारने त्यांना बंगळूरला पटकीच्या बंदोबस्तासाठी पाठवले. तेथे विहिरी आणि गटारे साफ करवून घेण्यात जवळजवळ दोन वर्षे गेली. रॉस यांना हा उशीर जाचला. पण आम्हांला वाटते, रोग हटवायचा तर प्रयोगशाळेबाहेर झाडू, फावडे आणि पगारी माणसे लागतात, हे ते तेथेच शिकले असावेत. 1897 मध्ये उटकमंडजवळच्या एका घाटात डास शोधत फिरताना त्यांना स्वतःला हिवताप झाला.

1897 च्या उन्हाळ्यात ते सिकंदराबादला परतले. पाऊस लांबला होता, हवा भट्टीसारखी. पंखा लावावा तर फाडलेले डास उडून जातात, म्हणून पंखा बंद. कपाळाच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले आणि एक काच तडकली. दोन वर्षांत त्यांनी हजारो डास फाडले होते आणि हाती काही आले नव्हते. कारण अगदी साधे होते. डासाच्या जाती अनेक आहेत आणि ते चुकीची जात फाडत होते. ऑगस्टच्या मध्यावर त्यांच्या माणसांनी वेगळ्याच अळ्या आणल्या. त्यांतून पंखांवर ठिपके असलेले तपकिरी डास निघाले. हुसेन खान नावाचा एक रोगी होता. एका डासाला चावू दिले की एक आणा, असा भाव ठरला होता. 16 ऑगस्टला ते ठिपक्यांचे डास त्याला चावले. चार दिवसांनी, 20 ऑगस्ट 1897 रोजी, उरलेल्यांपैकी एका डासाच्या पोटाच्या भिंतीत रॉस यांना गोल गोल पेशी दिसल्या. त्यांत काळे कण होते, हिवतापाच्या जीवात असतात तसेच. दुसऱ्या दिवशी फाडलेल्या डासात त्या पेशी अधिक मोठ्या झालेल्या दिसल्या. जीव डासाच्या अंगात वाढतो आहे, हे यावरून कळले. त्या रात्री रॉस यांनी कविता लिहिली. 20 ऑगस्ट हा दिवस आता जगभर डास दिन म्हणून पाळतात.

पुढे एक पायरी राहिली होती. पोटातला जीव माणसाकडे परत जातो कसा? इतक्यात बदलीचा हुकूम आला. राजपुतान्यात खेरवाडा येथे जायचे होते आणि तेथे हिवताप जवळजवळ नव्हता. धडपड करून 1898 च्या आरंभी त्यांनी कलकत्त्याला बदली मिळवली. तेथे वेगळीच अडचण. मुंबई-पुण्यात 1896 पासून प्लेग सुरू झाला होता आणि आता कलकत्त्यातही त्याची भीती पसरली होती. प्लेगची लस टोचायला सरकारची माणसे येतात, या धास्तीने गरीब माणूस बोटाला सुई लावू देईना. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात झालेल्या जुलमाची आणि 1897 मधल्या रँडच्या खुनाची हकीकत आपल्या वाचकांना ठाऊक आहे. माणसांचा विश्वास उडाला की शास्त्रही अडते, ते असे. रॉस यांनी मग माणसे सोडून पक्षी घेतले. चिमण्यांनाही हिवतापासारखा रोग होतो. महंमद बक्ष नावाचा मदतनीस रात्रंदिवस अळ्या गोळा करी, डास वाढवी आणि पक्षी सांभाळी. 4 जुलै 1898 रोजी उत्तर सापडले. पोटात वाढलेले जीव फुटून डासाच्या डोक्याकडे जातात आणि त्याच्या लाळेच्या ग्रंथीत शिरतात. डास चावताना लाळ सोडतो, त्या लाळेबरोबर ते रक्तात उतरतात. लवकरच त्यांनी आजारी पक्ष्यांना चावलेले डास निरोगी चिमण्यांवर सोडले आणि त्याही आजारी पडल्या. पाणी पिण्याचा किंवा वाईट हवेचा यात काही संबंध नव्हता.

येथे 1867 च्या आरोपाचे उत्तर मिळते. भारतातून मजूर 1834 पासून येतच होते आणि त्यांतल्या काहींच्या रक्तात हा जीव असणारच. तरीही तीस वर्षे बेटावर साथ आली नाही. का? कारण तो एका अंगातून दुसऱ्या अंगात नेणारा डास, म्हणजे अॅनोफेलिस, येथे नव्हता. आफ्रिका किंवा मादागास्करकडून येणाऱ्या एखाद्या जहाजातून तो 1866 च्या सुमारास आला असावा, असे रॉस यांनी पुढे मांडले आणि आजचे अभ्यासकही तसेच मानतात. रोग्याशिवाय साथ नाही, पण डासाशिवायही नाही. आपल्या आजा-पणजांच्या माथी मारलेला दोष जहाजाच्या पाण्याच्या पिंपात किंवा अंधाऱ्या तळघरात बसून आलेल्या एका किड्याचा होता. हे वाचून आम्हांला, खरे सांगायचे तर, थोडे बरे वाटले.

1899 मध्ये रॉस यांनी भारत सोडला आणि लिव्हरपूलच्या नव्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेत ते शिकवू लागले. माणसाच्या हिवतापाचा संपूर्ण फेरा अॅनोफेलिस डासात इटलीच्या ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1898 मध्ये दाखवला. श्रेय कोणाचे, यावर रॉस आणि ग्रासी यांच्यात जे भांडण जुंपले, ते जन्मभर संपले नाही. 1902 चे नोबेल एकट्या रॉस यांना मिळाले. स्वभावाने ते तापट होते, कोणी आपल्या वाट्याला हात लावला तर त्यांना सहन होत नसे. पुढे तर गुरू मॅन्सन यांच्याशीही कोर्टापर्यंत गोष्ट गेली. हुसेन खान, महंमद बक्ष, कलकत्त्याचे किशोरीमोहन बंदोपाध्याय अशा भारतीय मदतनिसांना जगाने फारसे ओळखले नाही. मोठ्या माणसांच्या चरित्रात असे डाग आम्ही झाकत नाही. मुलांना ते कळले पाहिजेत.

नोबेलपेक्षा अधिक खुपणारी गोष्ट दुसरी होती. डास रोग नेतो हे सर्वांनी मानले, पण डास कमी करून रोग कमी होईल, हे पुष्कळांना पटेना. सुवेझ कालव्यावरच्या इस्माइलियात रॉस यांच्या सल्ल्याने डबकी बुजवली, तेल ओतले आणि ताप झपाट्याने उतरला. पण लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत 1901 नंतर इतर डॉक्टरांनी केलेला असाच प्रयोग फसला. मग टीकाकार म्हणू लागले की डास काय, मारावे तितके थोडेच. एक डबके बुजवले की दुसरीकडून उडून येतील. सगळे डास मारता येत नाहीत, तर कशाला पैसे घालवायचे? हा प्रश्न मनात घेऊनच रॉस 1907 मध्ये आपल्याकडे आले.

येथे त्यांच्याबरोबर मेजर फाउलर नावाचे फौजी डॉक्टर होते. दोघे शाळाशाळांतून, इस्टेटीच्या कँपांतून फिरले. मुलांना उभे करायचे किंवा आडवे निजवायचे आणि डाव्या बरगडीखाली बोटांनी दाबून पांथरी लागते का पाहायचे. हजारो मुले अशी तपासली गेली आणि सरासरीने साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांची पांथरी वाढलेली निघाली. क्युरपीपच्या उंच भागात हे प्रमाण थोडे, किनाऱ्याच्या सखल इस्टेटीत फार. रक्त न काढता, सुई न टोचता कोणत्या गावात किती हिवताप आहे, ते वर्षाच्या वर्षाला असे मोजता येते. फिनिक्सच्या छावणीतल्या शिपायांना ताप का येतो, याचा माग काढताना जवळच्या क्लेरफाँच्या दलदलीकडे लक्ष गेले. बेटावरच्या दोन तरुण अभ्यासकांनी, दारुती द ग्रांप्रे आणि देमरे द शारमॉय यांनी, येथल्या डासांवर 1900 मध्येच पुस्तक लिहिले होते. ते काम रॉस यांच्या उपयोगी पडले.

1908 मध्ये रॉस यांचा मॉरिशसविषयीचा अहवाल छापला गेला. त्यात नद्या-ओढ्यांचे काठ साफ ठेवा, दलदलींचा निचरा करा, पांथरी वाढलेल्या मुलांना कोयनेल द्या, दरवर्षी पांथरी मोजा आणि हे काम करायला कायमची पगारी माणसे ठेवा, असे सांगितले आहे. आम्ही मात्र त्यातल्या एका हिशेबापाशी थांबतो. तो पाचवी-सहावीच्या मुलालाही कळेल.

समजा, एका गावात 1000 माणसे आहेत आणि त्यांतला एकच हिवतापाने आजारी आहे. सगळेच डास माणसाला चावू शकत नाहीत. चारांतला एक चावतो, असे धरू. चावलेला प्रत्येक डास नेमका त्या एका रोग्यालाच चावेल असे नाही, हजारात एकदा तसे घडेल. म्हणजे रोग्याला एक डास चावायला गावात 4000 डास हवेत. आता चावलेला डास लगेच रोग देऊ शकत नाही. जीव त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला दहा दिवसांच्या आसपास लागतात, आणि तोवर बहुतेक डास मरतात. तीनांतला एक जगला असे धरा, तर 12,000 डास हवेत. जगलेल्यांपैकीही पुन्हा माणसाला चावण्याची संधी चारांतल्या एकालाच मिळते. म्हणून 48,000 डास हवेत. तेव्हा कोठे एका रोग्यापासून एक नवा रोगी होतो. तोवर पहिला रोगी बरा होत आलेला असतो. एका रोग्यामागे एकापेक्षा कमी नवा रोगी झाला, तर आज दहा असलेले रोगी उद्या आठ, परवा सहा होतील आणि रोग आपोआप विझेल. गावात डास उरले तरी विझेल.

आकडे अंदाजाचे आहेत, हे रॉस यांनाही ठाऊक होते. चारांतला एक ऐवजी तीनांतला एक धरला तर उत्तर बदलते. पण त्यांना जे दाखवायचे होते ते बदलत नाही. डासांची एक मर्यादा आहे आणि त्या मर्यादेखाली आणले की पुरे. सगळे डास मारण्याची गरज नाही. टीकाकारांना हे उत्तर होते. पुढे 1950 च्या दशकात रॉस यांच्याच नावाच्या संस्थेतल्या जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी हा हिशेब आणखी पुढे नेला. डासांची संख्या कमी करण्यापेक्षा डास म्हातारा होऊ न देणे अधिक परिणामकारक, असे त्यांनी दाखवले. कारण म्हातारा डासच रोग देतो. 2020 मध्ये आपण सारे घरात कोंडलो होतो, तेव्हा एका रोग्यापासून किती जणांना लागण होते, हा आकडा रोज ऐकू येई. त्या आकड्याच्या मुळाशी हीच विचारसरणी आहे.

अहवाल आला म्हणून हिवताप गेला नाही. काही दलदली भरल्या, काही ओढ्यांचे काठ बांधले, आणि कामे रेंगाळली. अॅनोफेलिसची फ्युनेस्टस नावाची आणखी एक जातही बेटावर होती, तिचा पत्ता 1920 च्या दशकात लागला. अहवालानंतर चाळीस वर्षे माणसे मरतच राहिली. हिशेब बरोबर होता, पण त्याला लागणारे पैसे आणि माणसे दरवर्षी कोणी दिली नाहीत. आम्हांला या गोष्टीचे वैषम्य वाटते. 1948 नंतर घराघरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारले गेले, तेव्हा फ्युनेस्टस बेटावरून नाहीशी झाली आणि तापाने मरणाऱ्या बालकांची संख्या झपाट्याने उतरली. 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस हिवतापमुक्त म्हणून जाहीर केले.

दोनच वर्षांनी, 1975 च्या फेब्रुवारीत, जर्वेझ वादळ आले. घरे पडली, नवी सिमेंटची घरे उभी राहिली. बांधकामासाठी बाहेरदेशचे कामगार आले, त्यांतल्या काहींच्या रक्तात जीव होता. आणि नव्या घरांची धाबी सपाट होती. पुढे मजला चढवायचा म्हणून सळया वर सोडलेल्या, मध्ये पावसाचे पाणी साचलेले. उरलेल्या अॅनोफेलिसला हे धाब्यावरचे पाणी फार मानवले. हिवताप परत आला आणि 1982 मध्ये वर्षाला सहाशेहून अधिक रोगी झाले. यावेळी सरकारने कसूर केली नाही. फवारणी झाली, धाबी तपासली गेली, प्रवाशांचे रक्त घेतले गेले. 1997 नंतर येथे लागण झालेला एकही रोगी आढळलेला नाही. तो डास मात्र अजून आहे. बाहेरून आजारी होऊन येणारे प्रवासीही दरवर्षी असतात. विमानतळावरून आलेल्या माणसाच्या घरी आरोग्य खात्याची माणसे येतात तेव्हा काही कुटुंबे कुरकुरतात. त्यांनी रॉस यांचे 48,000 आठवावेत. डास मर्यादेखाली आहेत म्हणून तर एका प्रवाशापासून साथ होत नाही. 2005-06 चा चिकनगुनिया, 2009 चा डेंग्यू आणि 2023-24 चा डेंग्यू हे दुसऱ्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या डासाने आणले. तो दलदल शोधत नाही. त्याला कुंडीखालची बशी पुरते.

रॉस यांना 1911 मध्ये सर ही पदवी मिळाली. 1914 च्या ऑगस्टमध्ये महायुद्धात त्यांचा थोरला मुलगा ल कातोच्या लढाईत पडला. 1926 मध्ये लंडनजवळ पटनी येथे त्यांच्या नावाची संस्था निघाली. 1927 च्या जानेवारीत कलकत्त्याच्या ज्या रुग्णालयात त्यांनी चिमण्यांवर काम केले, त्याच्या भिंतीत उभारलेल्या स्मारकाच्या दारापाशी ते स्वतः उभे होते. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. पैशाची चणचण होती, म्हणून त्यांनी आपली टिपणे आणि पत्रे विकली. 1931 मध्ये पत्नी रोझा गेल्या, आणि 16 सप्टेंबर 1932 रोजी ते स्वतः गेले. नोबेल त्यांना डासाच्या पोटातल्या पेशींसाठी मिळाले होते. त्यांना स्वतःला मात्र साथींचे नियम गणिताने शोधणे हेच आपले मुख्य काम वाटत असे.

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की आम्ही हा हिशेब फळ्यावर मांडतो आणि मुलांना घरी जाऊन पाणी कोठे साचले आहे ते लिहून आणायला सांगतो. पिंप, टायर, कुंडी, देव्हाऱ्यातला फुलांचा तांब्या अशी यादी येते. गेल्या वर्षी एका मुलीने आजीच्या घराच्या धाब्यावर चढून तिथली डबकी मोजली. तिला सात सापडली. आजी म्हणाली की चारच आहेत. मग दोघी पुन्हा चढल्या, आणि आठ निघाली.